शेंदराखालची जर्मन सुरी

लोखंडाच्या बाबतीत मला कुणी शिकवायला येऊ नये, असं माझं स्वच्छ मत आहे. मी आयटीआयमध्ये फिटरचा निदेशक होतो. तीस वर्षं पोरांच्या हातात कानस दिली, त्यांनी वाकडं घासलं की खेकसलो, आणि अर्ध्या मिलिमीटरचा फरक नुसत्या बोटानं सांगून त्यांची तोंडं बंद केली. निवृत्त झालो तरी सवय गेली नाही. कुणाच्या घरी गेलो की आधी दाराच्या बिजागऱ्या बघतो. बायको म्हणते, ‘तुम्ही माणसांकडं कधी बघणार?’ बघतो की. बिजागऱ्या बघून झाल्यावर.

म्हणून त्या हिवाळ्यात एका सकाळी आत्या पोखर्णीहून एसटीनं आमच्या परभणीच्या घरी आली, पाण्याचा तांब्या बाजूला सारला आणि ‘देवातली सुरी काढ’ म्हणाली, तेव्हा खरं सांगायचं तर मला बरंच वाटलं. किती दिवसांनी माझ्या लायकीचं काम चालून आलं होतं.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची धाकटी बहीण. आता ऐंशीच्या घरात आहे. आम्ही मूळचे राणीसावरगावकडच्या माळावरचे, मेंढरं राखणारे. आत्याला पोखर्णीत दिली. वडील गेल्यावर गावाकडचे देव मी परभणीला आणले, आणि देवांबरोबर ही सुरीही आली. वीतभर लांब पातं, सांबराच्या शिंगाची खडबडीत मूठ, मुठीपाशी पितळेची आडवी पट्टी. आमच्याकडं खंडेनवमीला कुऱ्हाड, विळा, लोकर कातरायची कात्री, सगळं पूजेला मांडतात. पण बाकीची हत्यारं दुसऱ्या दिवशी कामाला लागतात. ही सुरी मात्र वर्षभर देवातच. दर नवमीला आत्या येणार, तेलात शेंदूर कालवणार आणि पात्याच्या मुळाशी बोटानं थापणार. दुसऱ्या कुणी लावलेला तिला चालत नाही. वर्षानुवर्षं थरावर थर बसून तिथं बोटभर जाडीची तांबडी ढेप झाली होती.

या सुरीची गोष्ट आमच्या गावात लहान पोरालाही पाठ आहे.

निजामाच्या राजवटीत आमच्या भागात एक जहागीरदार होते. थंडीत हैदराबादहून त्यांच्याकडं काळविटाच्या शिकारीला पाहुणे यायचे. जनावरं आरडाओरडा करून बंदुकीच्या टप्प्यात आणायला हाकारे लागायचे, आणि माळाची खडान्‌खडा माहिती धनगरांना, म्हणून आमच्याच माणसांना धरून न्यायचे. माझे आजोबा त्यातले एक. अशाच एका शिकारीत एका पाहुण्या साहेबाची जर्मन सुरी हरवली. काळवीट सोलायला ती शेवटी आजोबांच्या हातात दिली होती, त्यामुळं आळ त्यांच्यावर आला. त्यांना लिंबाच्या झाडाला बांधून मारलं. सुरी काही सापडली नाही. मग पोलीस ॲक्शन झाली, निजामाचं राज्य गेलं, जहागीरदारही रातोरात गाव सोडून गेले. सुरीचं कुणाला पडलं होतं?

आणि आठ-दहा वर्षांनी आजोबांच्या कमरेला एक जर्मन सुरी दिसली.

गाव म्हणालं, पुरून ठेवली होती, साहेब गेल्यावर उकरून काढली. आजोबा म्हणाले, विकत घेतली. माझे वडील तिसरंच सांगायचे. रानडुक्कर साहेबावर धावून आलं, आजोबांनी मधे काठी घालून साहेबाचा जीव वाचवला, म्हणून साहेबानं कमरेची सुरी काढून बक्षीस दिली, आणि चोरीची आवई जहागीरदाराच्या कारभाऱ्यानं पोटदुखीनं उठवली. मला अर्थातच ही तिसरी गोष्ट आवडायची. पोलादाचा धडा शिकवताना मी ती दरवर्षी वर्गात रंगवून सांगितलेली आहे. डुकराचे सुळे माझ्या सांगण्यात दरवर्षी थोडे वाढायचे.

तर आत्या त्या दिवशी का आली, ते सांगतो. आमच्या गावाचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे. त्यावर एक निवृत्त गृहस्थ गावच्या गमतीजमती लिहीत असतात. त्यांनी आदल्या दिवशी आजोबांची गोष्ट टाकली, वर मथळा दिला ‘सुरीचोर’, आणि खाली पन्नासजणांनी हसरी तोंडं चिकटवली. आत्याच्या नातसुनेनं, बिचारीला काही ठाऊक नव्हतं, ‘आजी, तुमच्या माहेरचं आलंय’ म्हणून मोठ्या हौसेनं ते वाचून दाखवलं.

‘लोकाचं मी धरत न्हाई,’ आत्या म्हणाली. ‘लोक तवाबी हसले, आताबी हसायलेत. तू मला सांग. तू लोखंडातला माणूस हायस. ही सुरी कवाची हाय?’

‘एवढंच ना? तासाभरात सांगतो,’ मी म्हणालो.

ती काय विचारत होती, ते तेव्हाच माझ्या डोक्यात शिरायला हवं होतं. सुरी निजामाच्या काळातली निघाली तर ती साहेबाचीच, म्हणजे तिच्या बापानं चोरलेली. नंतरची निघाली तर नाही. एवढा सरळ हिशोब होता. पण माझं लक्ष बिजागरीवर.

मी गच्चीवर उन्हात चटई टाकली. मापाचा व्हर्नियर घेतला, भिंग घेतलं, लोहचुंबक घेतला, स्वयंपाकघरातून अर्धं लिंबू आणलं. आत्या समोर पाय पसरून बसली. बायको शेंगा निवडायचं निमित्त करून बाजूला बसली.

आधी मूठ. नवखा माणूस इथंच फसतो. सांबराचं शिंग दिसलं की म्हणतो, मूठ इकडचीच, कुणीतरी मागून बसवलेली. पण आपल्या जंगलातली सांबराची शिंगं एके काळी गाड्या भरभरून विलायतेला जायची आणि तिकडं सुऱ्यांच्या मुठी होऊन परत यायची, हे मी कुठंतरी वाचलेलं होतं. तेव्हा मुठीवरून देश ठरत नाही. बसवणी बघायची. पातं मुठीच्या आरपार गेलेलं, वर तीन रिव्हेटा, तिन्ही एका रेषेत. शिंग आणि पोलाद यांच्या सांध्यात नखही शिरत नव्हतं. एवढी वर्षं हे असं टिकायचं तर काम कारखान्यातलं, आणि चांगल्या कारखान्यातलं.

मग पातं. मुळाशी रुंदी जास्त, मध्ये कमी. व्हर्नियरनं मोजलं तर तीन मिलिमीटरचा फरक. याचा अर्थ सुरी नुसती मिरवलेली नाही, वर्षानुवर्षं दगडावर घासून वापरलेली आहे. घासही एका बाजूला जास्त होता, म्हणजे वापरणारा नेहमी एकाच हातानं, एकाच कामाला वापरणारा. मेंढ्यांची खुरं कापायला, असं आत्यानं सांगितलं, आणि ते बरोबर जुळलं. टोकाशी लिंबू चोळलं तर जागा काळी पडली. स्टेनलेस असतं तर पडली नसती. म्हणजे साधं कार्बन पोलाद, जुन्या पद्धतीचं.

शेवटी शिक्का. पात्याच्या मुळाशी, जिथं शेंदराची ढेप होती, तिथं खालच्या कडेला तिचा एक टवका कधीतरी उडालेला होता. त्या उघड्या जागेत इंग्रजी अक्षरं ठोकलेली. भिंगातून स्पष्ट वाचता आली: जर्मनी.

मी खुशीत आलो. सगळं एका ओळीत बसत होतं. जुनं पोलाद, कारखान्याची बसवणी, आणि परदेशी माल विकायचा तर देशाचं नाव ठोकायची इंग्रजांच्या काळातली पद्धत. मी व्हर्नियर डबीत घातला आणि वर्गात सांगायचो तसा निकाल सांगितला.

‘आत्या, सुरी लय जुनी हाय. मोठ्या लढाईच्या आदीची. निजामाच्या वक्ताची.’

‘पक्कं?’

‘पक्कं.’

आत्यानं पाय जवळ घेतले. ‘मंग तीच,’ ती म्हणाली. ‘मला वाटलंच व्हतं.’

तेव्हा कुठं माझ्या ध्यानात आलं की मी काय बोलून बसलो. सावरायला म्हणून मी वडिलांच्या गोष्टीला हात घातला. म्हणालो, ‘अण्णा म्हणायचे तसं साहेबानं बक्षीस दिली आसंल की.’

‘तुझ्या बापाची गोष्ट मला सांगू नको. ती त्यानं माझ्या लग्नानंतर रचली. सासरी मला कुणी टोचून बोललं तर तोंडावर माराय म्हणून. डुक्कर न्हाई अन् फिक्कर न्हाई. माझा बा तर असलं कायबी कदी बोलला न्हाई.’

ती उठून खाली गेली. दुपारी जेवली नाही. ‘पोट जड वाटायलंय’ म्हणाली आणि भिंतीकडं तोंड करून पडून राहिली. बायकोनं ताट झाकून ठेवलं आणि मला स्वयंपाकघरात बोलावून फैलावर घेतलं. ‘एवढी कसली घाई झाली होती? म्हातारी काय परीक्षेला बसली होती का, लगेच निकाल लावायला?’

मला राग आला. तिचा नाही, माझाच. वडिलांची गोष्ट गेली याचंही दुःख झालं, खोटं कशाला बोलू? इतकी वर्षं जिच्यावर मी छाती फुगवली ती गोष्ट मुळात आत्याला सासरी तोंड दाखवता यावं म्हणून केलेली होती, आणि मला ते कुणी सांगितलं नव्हतं. पण निकाल बदलायचा तर पुरावा हवा. माया वाटते म्हणून माप बदलत नाही.

संध्याकाळी मी इंटरनेटवर बसलो. जुन्या सुऱ्या गोळा करणाऱ्यांचं एक संकेतस्थळ आहे. जगभरातली रिकामटेकडी माणसं तिथं एकमेकांच्या सुऱ्या ओळखत बसतात. मला जागा आवडली. मी सुरीचे पाच फोटो टाकले, मापं टाकली, माझ्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत माझा निकालही टाकला. मनात आशा एवढीच की कुणीतरी म्हणेल, ‘छे, चुकलात.’ जन्मात पहिल्यांदा मी चुकायची वाट बघत होतो.

सकाळी उत्तर आलेलं होतं. जर्मनीतल्याच एका गृहस्थांचं. चाळीस वर्षं शिकारी सुऱ्याच जमवतात म्हणे. त्यांनी लिहिलं होतं की मुठीचं आणि रिव्हेटांचं निरीक्षण उत्तम, पण कार्बन पोलादावरून काळ ठरवू नये, कारण शिकारी लोक ते फार पुढंपर्यंत पसंत करत होते, आणि कारखानेही बनवत होते. बसवणीची तीच धाटणीही कित्येक वर्षं चालू होती. काळ शिक्क्यावरूनच ठरेल. मग त्यांनी विचारलं होतं, शिक्क्यावर तो लाल रंग कसला आहे? तुम्ही वाचलेल्या शब्दाच्या वर आणखी एक ओळ असावी असं वाटतं. आधी तो रंग काढा, मग बोलू.

पहिल्यांदा माझं डोकंच सणकलं. शेंदराला रंग म्हणतो! आणि दुसऱ्या क्षणाला मी फोटो मोठा करून पाहिला. बरोबरच होतं की त्याचं. मी भिंग लावून अख्खी सुरी तपासली, रिव्हेट न् रिव्हेट तपासली, आणि जिथं शिक्का होता नेमकी तीच जागा अर्धी झाकलेली ठेवून निकाल दिला. एखाद्या पोरानं गंजलेल्या भागावरूनच माप घेतलं असतं तर मी त्याला वर्गाबाहेर काढला असता. पण शेंदूर मला दिसलाच नव्हता. म्हणजे दिसला होता, पण तो काढायचा असतो हे मनात आलं नाही. जन्मल्यापासून तो तिथंच. माझ्या लेखी तो सुरीचाच भाग होता. त्या परक्या माणसाला देव दिसत नव्हता, म्हणून त्याला सुरी दिसली.

मी पॉलिश पेपर शोधायला उठलो, तर बायको आडवी आली. ‘शेंदूर खरवडायचा नाही. देवाचं अंग असतं ते. घरात काही झालं तर मग मला सांगू नका.’

‘अगं, सुरी आहे ती.’

‘मग देवात कशाला ठेवली?’

भांडण आत्यापुढं गेलं. तिनं दोघांचंही ऐकून घेतलं. रात्रभर तिला झोप नव्हती हे डोळ्यांवरून दिसत होतं. ‘खरवडायचं न्हाई,’ ती म्हणाली. बायकोनं माझ्याकडं विजयानं पाहिलं. ‘पर देवाची खोळ आपसूक सुटली तर तिला कुणाची आडकाठी नसती. करडीचं तेल तापव. जुनं लुगडं आण.’

आमच्याकडं शेंदराच्या देवाची अशी खोळ निघते. थर फार झाले की कधीतरी एका दमात सगळं कवच सुटून येतं आणि आतला मूळ दगड उघडा पडतो. ते शुभच मानतात. कवच गंगेत सोडतात. गंगा म्हणजे आमची गोदावरी, गंगाखेडची. फक्त ते आपणहून सुटायला हवं. आत्यानं ‘आपणहून’चा अर्थ जरा सैल केला एवढंच. कोमट तेलात चिंधी बुडवून तिनं पात्याच्या मुळाशी गुंडाळली आणि सुरी अंगणात चटईवर उन्हात ठेवली. तासाभरानं चिंधी सोडायची, पुन्हा तेल, पुन्हा गुंडाळायची. मी दोनदा म्हणालो, रॉकेल लावलं तर पाच मिनिटांत निघेल. तिनं दोन्ही वेळा ऐकू आलं नसल्यासारखं केलं.

दुपार कलल्यावर तिनं चौथ्यांदा चिंधी सोडली, ढेपेवर अंगठा टेकवला आणि बाजूला रेटला. कुट् असा आवाज झाला. अख्खी खोळ एका तुकड्यात सुटून तिच्या तळहातावर आली. आतल्या बाजूला, उलटी, अक्षरं उमटलेली होती. तिनं ती कपाळाला लावून देव्हाऱ्यात ठेवली आणि सुरी माझ्यापुढं केली.

पोलाद खाली अगदी लख्ख होतं. तेल आणि शेंदूर यांनी ते नव्यासारखं राखलं होतं. वर कारखान्याचं नाव होतं, ते घासून गेलेलं. त्याच्या खाली दोन ओळी. खालची मी काल वाचली ती. आणि तिच्या डोक्यावर, तेवढ्याच ठसठशीत अक्षरांत: वेस्ट.

वेस्ट जर्मनी.

मी एवढ्या मोठ्यानं ओरडलो की शेजारची बाई कुंपणापाशी आली. बायकोला वाटलं हात कापला.

‘आत्या,’ मी म्हणालो, ‘नीट ऐक. जर्मनी आदी एकच देश व्हता. मोठ्या लढाईत हरला, अन् मंग त्याच्या वाटण्या झाल्या, भावाभावात शेताच्या व्हत्यात तशा. एक पूर्वेकडचा, एक पश्चिमेकडचा. ही सुरी पश्चिमेकडच्या वाटणीतली हाय. तसं हितं ठोकून ठेवलंय. अन् ती वाटणी झाली ती पोलीस ॲक्शनच्या बी नंतर. निजाम गेल्यावर. जहागीरदार पळाल्यावर.’

तिनं सुरी माझ्या हातातून घेऊन उन्हात धरली.

‘म्हंजे साहेबाच्या कमरंला ही सुरी असूच शकत न्हाई. तवा ही जन्मलीच नव्हती. साहेबाची हरवली ती येगळी. ही येगळी.’

‘पक्कं?’

‘पक्कं.’

‘कालबी पक्कं म्हणला व्हतास.’

हे मला मिळायलाच हवं होतं. मी कान पकडले. म्हणालो, ‘काल मी अर्धंच वाचलं व्हतं. काल माझा अंदाज व्हता. आज पोलादावर लिवलेलं हाय, ते माझं मत न्हाई. आजा खरं बोलला व्हता. सुरी इकतच घेतली त्यानं. पावती काय माझ्याकडं न्हाई, पर चोरल्याची बोंब झाली ती एकाच सुरीची, अन् ती ही न्हवं.’

जर्मनीतल्या गृहस्थांना फोटो पाठवला, तर त्यांचं पाच मिनिटांत उत्तर आलं: लढाईनंतरची, पन्नासच्या दशकातली वाटते, अभिनंदन. मी त्यांच्या उत्तराला मनातल्या मनात साष्टांग घातला आणि लगेच गावचा ग्रुप उघडला. असा आनंद मला नोकरीतल्या कुठल्या बढतीनंही झाला नव्हता. शिक्क्याचा फोटो टाकला. खाली दणकून लिहिलं की ज्या माणसाला तुम्ही सुरीचोर म्हणून हसलात, त्याच्या सुरीचा जन्मच चोरीच्या नंतरचा आहे. पोलादानं साक्ष दिलेली आहे. आता हसरी तोंडं काढून घ्या आणि दुसरं काय चिकटवायचं ते चिकटवा. बायकोनं शेवटचं वाक्य खोडायला लावलं. मी खोडलं नाही. थोड्याच वेळात त्या लिहिणाऱ्या गृहस्थांचे जोडलेले हात आले. मग दुसऱ्यांचे, तिसऱ्यांचे. मी एकेक हात आत्याला मोठ्यानं वाचून दाखवायला मान वर केली.

आत्या खूश नव्हती. सुरी मांडीवर घेऊन ती त्या दोन ओळींवरून अंगठा फिरवत होती. तिला वाचता येत नाही.

‘घोंगड्या इकायला हैदराबादला गेलता बा,’ ती म्हणाली. ‘मला आठवतंय की. आठ दिसानं आला. माझ्यासाठी बांगड्या आणल्या, अन् कमरंला ही. म्हणला, बंदुकीच्या दुकानातून घेतली. लोक हसले. खांद्यावर घोंगडं टाकलेल्या धनगराला बंदुकीच्या दुकानात कोण शिरू देतंय म्हणले. मलाबी तसंच वाटलं.’

मी म्हणालो, तू लहान होतीस.

‘तवा लहान व्हते. मंग लगीन ठरायला आलं. पोखर्णीचे पाव्हणे बसले व्हते. सासरा हसत हसत म्हणला, सुरी दाखवा की आमाला, लय ऐकलंय. बानं काढून दिली अन् तेच सांगितलं, इकत घेतली. समदे हसले. मी दाराआड. मला अशी लाज वाटली, अशी लाज वाटली. पाव्हणे गेल्यावर मी मेंढवाड्यात गेले. बा खुरं कापत बसलता. म्या म्हणलं, बा, माझ्यापुढं तरी खरं बोल. मी कुणाला सांगणार न्हाई.’

‘मग?’

‘हात थांबला त्याचा. माझ्याकडं बगितलं. म्हणला, ऊन लय झालंय, घरात जा.’ तिनं अंगठा त्या अक्षरांवर टेकवला. ‘त्या दिसापासून सुरी कमरंला लावली न्हाई त्यानं. देवात नेऊन ठेवली. अन् ती अक्षरं कुणाच्या नदरंला पडू नयेत म्हणून पैला शेंदूर म्या लावला. जाड लावला. म्या माझ्या हातानं झाकलं रे हे.’

मी काही बोलायला गेलो, तर तिनं हातानं गप्प केलं. बायको तिच्याजवळ जाऊन बसली. माझ्या हातातला फोन टिंग टिंग करत होता, तो मी चटईवर पालथा ठेवला.

‘अन् शेवटाला बा अंथरुणाला खिळलता, तवा मी माहेरी गेले. सगळे बाहेर व्हते. त्याच्या पायाला हात लावला अन् म्हणले, बा, सुरीचं जे झालं ते झालं. म्या मनात ठेवलं न्हाई. म्या माफ केलं तुला.’

आत्यानं सुरी माझ्याकडं दिली आणि पदरानं हात पुसले, तेलाचे.

‘बोलता येत नव्हतं त्याला तवा,’ ती म्हणाली. ‘ऐकू मातर येत व्हतं.’